बुजवलेली भोकं

मी एक जुना पाइपचा तुकडा आहे, मित्रांनो. हातभर लांब, मनगटाएवढा जाड. धारवाडात मळमड्डीला इंदुमतीबाईंच्या बागेची माती धरून ठेवणारी एक दगडी भिंत आहे, तिच्या पोटात मी आडवा बसलोय. माझ्यासारखे आणखी पाच आहेत. लोक आम्हाला नुसतं ‘भोकं’ म्हणतात. म्हणू देत!

सत्याप्पा गवंड्यानं आम्हाला बसवलं. मागं खडी भरली, म्हणजे माती तिथंच राहते आणि पाणी तेवढं आमच्यातून बाहेर पडतं. “अक्का, ही भोकं कधी बुजवू नकासा. पाणी अडलं की भिंत ढकलतंय,” असं त्यानं दहादा सांगितलं. पण बाई पडल्या निवृत्त शिक्षिका. दुसऱ्याचं ऐकतील कशाला?

भिंतीखाली कुसुमची भाड्याची खोली आहे. ती नि तिची पाच वर्षांची आरुषी तिथं राहतात. अकरा पावसाळे आम्ही इमानानं ठिबकलो. कुणी शाब्बास म्हणालं? छे! यंदा भिंतीला पांढरा रंग लागला आणि आमचे तांबडे ओघळ बाईंच्या डोळ्यांत खुपायला लागले. “शिवाय त्यातनं नाग शिरला तर?” झालं! रंगाऱ्यानं आमची सहाही तोंडं सिमेंटनं बंद केली. आणि त्याच बाईंनी नागपंचमीला मातीच्या नागाला दूध घातलं. काय म्हणावं या बाईला!

तोवर चार दिवस पाऊस थांबला नव्हता. मागं पाणी तुंबलं, मी गुदमरलो. पंचमीच्या सकाळीच कुसुमला भिंतीला आलेला फुगवटा दिसला. आरुषीला कडेवर घेऊन ती धावत सत्याप्पाला बोलावून आली. तो छिन्नी-हातोडा घेऊन आला, तर बाई आडव्या!

“आज पंचमी. आज खणायचं नाही, उकरायचं नाही. उद्या बघू.”

सत्याप्पाही पंचमी पाळणारा. त्यानं हातोडा खाली ठेवला. माझा नुसता संताप झाला! भिंत उद्यापर्यंत थांबणार होती का?

कुसुम मात्र गप्प बसली नाही. “अक्का, नागाच्या वाटेत सिमेंट भरलेलं चालतं, आणि काढलेलं चालत नाही होय? माझी पोरगी या भिंतीखाली झोपते हो!”

बाईंनी आरुषीकडं पाहिलं आणि हातोडा स्वतःच उचलला. “आण ती छिन्नी. पाप लागलं तर मला लागू दे.” पहिला घाव माझ्यावर होता, बसला त्यांच्या बोटावर! मग सत्याप्पा पुढं झाला. सिमेंट सुटलं आणि तांबडं पाणी असं उसळलं, की बाईंची नवी साडी चिंब भिजली.

दुपारपर्यंत आम्ही सहाही जण वाहत होतो. फुगवटा गेला नाही, पण वाढलाही नाही. भिंत नीट होईपर्यंत मायलेकींना बाईंनी आपल्या घरात ठेवून घेतलं.

मित्रांनो, दर पावसाळ्याआधी आमच्या तोंडातला कचरा काडीनं काढा, एवढंच मागतो. ओघळ दिसले म्हणून चिडू नका. भिंतीला रंग पुन्हा देता येतो. आरुषी पुन्हा कुठून आणली असती?