बसून राहा, घर येईल

मी एक जुनी रेल्वेलाइन आहे, आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. मित्रांनो, जुनी वस्तू बोलायला लागली की डोळे पुसत हळू आवाजात बोलते, अशी तुमची सवय असेल. ती सवय घटकाभर बाजूला ठेवा. मला भांडायचं आहे.

मी सरळ जात नाही. एका मोठ्या शहराला बाहेरून पूर्ण वेढा घालून मी पुन्हा स्वतःलाच येऊन मिळते. मला घातलं जात होतं तेव्हा खडी टाकणारा एक मजूर हसून म्हणाला होता, "जिथून निघायचं तिथेच यायचं, तर जायचं तरी कशाला?" त्यावर मुकादम म्हणाला, "तू रोज घरून निघतोस आणि घरीच जातोस ना? तुला विचारलं का कुणी कशाला?" मजुराने पुढची पाटी उचलली.

माझे आतले रूळ माणसांच्या गाडीसाठी होते आणि बाहेरचे मालगाडीसाठी. आतून नर्सबाई, गवंडी, शिंपी, कॉलेजची पोरं जायची. बाहेरून सिमेंट, कोळसा, धान्याची पोती. दोन्ही गाड्यांचं कधी वाकडं नव्हतं. मालगाडी रेंगाळत समोरून यायची, माणसांची गाडी तिच्या शेजारून पळत जायची, आणि पोरं खिडकीतून मालगाडीच्या ड्रायव्हरला हात करायची. तोही भोंगा वाजवायचा. कारण नसताना वाजवायचा, पण वाजवायचा.

माझ्या काठच्या घरांत एक गोष्ट पोरांना बोलता येण्याआधी कळायची. गाडीत झोप लागली, स्टेशन चुकलं, तर रडायचं नाही आणि भलत्याच ठिकाणी उतरायचं तर मुळीच नाही. बसून राहायचं. घर येईल. आया सांगायच्या, आज्या सांगायच्या, आणि घर येतच असे. मी एकदाही कुणाला तोंडघशी पाडलं नाही. हे सांगताना मला अभिमान वाटतो, आणि का वाटू नये?

आता मी चक्कर आजोबा नावाच्या एका म्हाताऱ्याकडे येते. सगळा राग तिथलाच आहे.

आजोबा मूळचे न्हावी. म्हातारपणी त्यांची आठवण विरत गेली. हात कात्री विसरले नव्हते, पण पाय घर विसरले होते. त्यांची लेक माझ्या एका स्टेशनासमोरच्या लॉन्ड्रीत दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करायची. घरात बापलेक दोघंच. एकदा ते गॅस चालू ठेवून बाहेर पडले, एकदा परक्यांच्या जिन्यात बसून राहिले. शेजारीण म्हणाली, "बाहेरून कडी लाव आणि जा कामाला." लेक भडकली. "बाप आहे माझा. कोंडून घालायला कोंबडी आहे का?"

मग तिने त्यांना माझ्या स्वाधीन केलं. सकाळी कामावर येताना ती त्यांना पहिल्या डब्यात खिडकीशी बसवायची. गाडी शहराला फेरी मारून लॉन्ड्रीसमोर आली की आजोबा हात वर करायचे. ती इस्त्री बाजूला ठेवून हात वर करायची. दुपारी उतरवून जेवू घालायची, पुन्हा बसवायची. टी.सी.ने सुरुवातीला हटकलं.

"आजोबा, जायचंय कुठे?"

"घरी."

"अहो, मग उतरा ना कुठेतरी!"

"कशाला? येतंय की ते."

टी.सी. हसला आणि पुढे गेला. नंतर तोच त्यांना पाणी द्यायला लागला. आजोबा समोरच्याला सांगायचे, "कानामागचे केस राहिलेत तुमचे, फुकट पैसे घेतले त्या न्हाव्याने." लोक खरंच कानामागे हात लावून बघायचे. पोरांनी त्यांना चक्कर आजोबा म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनाही ते आवडलं. डब्यातल्या माणसांनी मिळून एक म्हातारा सांभाळला, मित्रांनो. मी त्यांना फक्त फिरवत होते.

माझ्यावर एक पूल आहे. गोदाम स्टेशन सोडलं की पूल, मग डोंगर खोदून केलेली अरुंद खिंड, आणि खिंड संपली की लॉन्ड्रीचं स्टेशन. पुलाची आतली बाजू गंजली होती. गंज काय एका दिवसात चढतो? रंगारी यायचे बंद झाले तेव्हा मी करकरले, गाडी गेली की थरथरले. ऐकलं कुणी? वरच्या साहेबांनी पूल पाहिला आणि काय ठरवलं, सांगू? दुरुस्ती नको. माणसांची गाडी गोदामापर्यंतच न्या आणि तिथून उलटी फिरवा. पुलावरून फक्त माल जाईल, बाहेरच्या रुळांवरून. आतल्या रुळांवर पत्रे ठोकले. पायाला ठेच लागली म्हणून पायच कापायचा, अशातला प्रकार! सूचना चिकटवली ती मोठ्या ऑफिसच्या दारावर. तिथे माझा एकही प्रवासी जात नाही.

त्या सकाळी लेकीने रोजच्यासारखं बापाला खिडकीशी बसवलं. गोदाम आलं आणि गार्ड ओरडला, "गाडी रिकामी करा!" सगळे कुरकुरत उतरले. आजोबा जागचे हलले नाहीत.

"उतरा, बाबा. गाडी पुढे जात नाही."

"जाते. बसून राहायचं. घर येतं."

गार्ड नवा होता. त्याने त्यांना दंडाला धरून खाली काढलं आणि रिकामी गाडी बाजूच्या रुळावर नेऊन उभी केली. मेल्या, इतकी घाई कसली होती तुला? आजोबा थोडा वेळ फलाटावर उभे राहिले. मग खाली उतरले आणि गाडी नेहमी जायची त्या दिशेला चालू लागले. घर पुढेच तर होतं. आतल्या रुळांवर पत्रे होते, म्हणून ते बाहेरच्या रुळांवर आले. पूल ओलांडला. खिंडीत शिरले. खिंडीत दोन्हीकडे कातळ आहे, मालगाडी आली तर अंग चोरायला वीतभर जागा नाही. मी लोखंड. मला हाक मारता येत नाही. त्या दिवशी याचा मला किती संताप आला म्हणून सांगू!

इकडे लॉन्ड्रीसमोर गाडी आलीच नाही. लेक धावत तिकीट खिडकीशी गेली.

"गाडी गोदामावरूनच परत फिरते आजपासून," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "सूचना लावली होती ना."

"बाबा आहेत त्यात! त्यांना उतरवलं तर ते चालत निघतील, ताई. ते मागे फिरणार नाहीत, पुढेच येतील. मालगाड्या थांबवा."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी फोन उचलला, विनवण्या केल्या आणि खाली ठेवला. "म्हणतात, एवढ्यासाठी माल थांबवता येत नाही."

फलाटापलीकडे सिमेंटची मालगाडी सिग्नलसाठी उभी होती, तोंड खिंडीकडे. लेकीने मागचापुढचा विचार केला नाही. ती रुळांत उतरली आणि इंजिनासमोर उभी राहिली. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला.

"काकू, बाजूला व्हा! मरायचंय का?" ड्रायव्हर ओरडला.

"माझा बाप आहे खिंडीत. न्यायची तर माझ्यावरून न्या."

"कोण बाप?"

"खिडकीत बसतात ते. चक्कर आजोबा."

 खिडकीतून हात करणाऱ्या ज्या आजोबांना ड्रायव्हर रोज भोंगा वाजवायचा, तेच हे. त्याने तिला वर घ्यायला हात पुढे केला. "वर या. लवकर."

एवढी अवजड गाडी, पण त्याने ती माणसाच्या चालीने खिंडीत घातली. भोंगा सारखा वाजत होता. लेक दारातून वाकून बघत होती, तोंडाने "बाबा, बाबा" चाललं होतं. वळण सरलं तेव्हा आजोबा समोर होते, रुळांच्या मधोमध, चपला हातात घेतलेल्या. गाडी करकरत थांबली. आजोबांनी हात वर केला.

लेक उडी मारून धावली. त्यांना मिठी मारून ढसाढसा रडली. आजोबा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "अगं, रडतेस काय? गाडीला जरा उशीर झाला, एवढंच."

पुढे काय झालं ते ऐका. ड्रायव्हरकडे खुलासा मागितला: माल उशिरा का पोचवला? पुन्हा असं केलं तर नोकरी जाईल, म्हणाले. पण म्हाताऱ्याला भर उन्हात उतरवलं कुणी, पूल गंजू दिला कुणी, याचा खुलासा आजवर कुणाकडे मागितलेला नाही. लाज वाटली पाहिजे!

आजोबा आता गाडीत बसत नाहीत. लेक त्यांना लॉन्ड्रीसमोरच्या बाकावर बसवते आणि इस्त्री करता करता डोळा ठेवते. खिंडीच्या बाजूने पूर्वी येणाऱ्या गाडीची वाट बघत कुणी चुकून उभं असलं, की आजोबा सरकून जागा करतात आणि म्हणतात, "बसा हो. येईल फिरून." लोक एकमेकांकडे बघून हसतात.

हसू नका, मित्रांनो. ते खोटं बोलत नाहीत. खोटी मी पडले आहे, आणि मला खोटं पाडलं आहे. मोठे झालात आणि कधी तुमच्या हातात रंगाचा डबा आला, किंवा सही करायचं पेन आलं, तर मला हारतुरे नकोत. माझा पूल नीट करा, आणि त्या म्हाताऱ्याचं बोलणं खरं करा.