पान अकरावरचा गूळ

समजा, बरं का, तुमच्यासमोर लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी आहे. घासूनपुसून लख्ख केलेली. तुम्ही ती नळाखाली धरली आणि काठोकाठ भरली. ऑगस्टचे दिवस, भीमेला वरून पाणी आलेलं, त्यामुळे दौंडच्या नळाचं पाणी अगदी चहासारखं. आता बरणी ओट्यावर ठेवा आणि अजिबात हलवू नका. अर्ध्या तासानं गाळ तळाशी बसेल, वर निवळ पाणी दिसेल. पण गाळ किती बोटं बसेल, ते आत्ताच सांगायचं. सांगता येईल?

दहा वर्षांच्या प्रांजलनं बरणी दारातल्या ओट्यावर ठेवली आणि हाक मारली, "पप्पा, किती?"

संपतनं मान वळवून एकदाच पाहिलं.

"दोन बोटं. वर नखभर."

हा दोघांचा रविवारचा खेळ. प्रांजल दर वेळी आपला वेगळा आकडा धरायची आणि दर वेळी हरायची. आज तिनं आकडा धरलाच नाही. पप्पांनी उत्तर दिलं खरं, पण त्यांचं लक्ष बरणीकडे नव्हतं. परवापासून ते असेच होते. परवा संध्याकाळी कामावरून आले आणि डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून चहा प्यायले. आईनं कप उचलला तरी हेल्मेट डोक्यावरच. तेव्हा कुठे आईनं विचारलं, "काय झालं?"

झालं होतं ते असं. कुरकुंभच्या ज्या कारखान्यात संपत कामाला होता, तिथं गेटजवळच्या फळ्यावर एक कागद लागला होता. महिनाअखेर जुन्या ठेकेदाराचं काम संपणार. नवा ठेकेदार येताना स्वतःची माणसं घेऊन येणार. संपत सोळा वर्षं ठेकेदाराकडचा हेल्पर. कारखान्यातलं घाण पाणी बाहेर सोडण्याआधी ज्या मोठ्या उघड्या टाकीत साफ होतं, त्या टाकीवर त्याची ड्युटी. सोळा वर्षांत साहेब बदलले, पंप बदलले, टाकीला नवा कठडा झाला. संपत तोच होता.

कागदाच्या तळाशी आणखी दोन ओळी होत्या. ठेक्यावरच्या जुन्या माणसांतून टाकीसाठी एक ऑपरेटर कंपनी स्वतःकडे घेणार होती. फक्त एक. फॉर्म भरून सोमवारी सकाळी नऊ वाजता मुलाखतीला यायचं.

तो फॉर्म आता संपतच्या मांडीवर, प्रांजलच्या परीक्षेच्या पॅडला लावलेला होता. नाव, गाव, शिक्षण लिहून झालं होतं. गाव कवठे येमाई, तालुका शिरूर, शिक्षण आठवी. त्याखाली मोठा चौकोन: ‘आपल्या अंगी असलेली कौशल्ये लिहा. किमान पाच.’ चुकलं तर खोडता यावं म्हणून संपत पेन्सिलीनं लिहीत होता.

प्रांजलनं खांद्यावरून वाकून वाचलं.

"एक, दांडी नाही. दोन, तंबाखू नाही. तीन, कुणाशी भांडण नाही. चार, कोणत्याही कामाला नाही म्हणत नाही." ती थांबली. "पप्पा, सगळं न्हाईच हाय की. हाय ते लिव्हा ना."

"हाय ते काय लिव्हू? झाडू हाय, पाइप हाय, गमबूट हायेत."

आतून सुवर्णाचा आवाज आला. ती भाकरी थापत होती. "लग्नाच्या बैठकीत माझ्या बापाला हेच सांगितलं व्हतं. दारू न्हाई, पत्ते न्हाई. त्यांनी बसल्या जागी सुपारी फोडली."

"मग? वाईट झालं का?"

"वाईट न्हाई झालं. पण कंपनीला जावई न्हाई करायचा तुमाला."

प्रांजल हसली. संपत हसला नाही. पाचव्या ओळीवर त्यानं पेन्सिल टेकवली, आणि ती तिथंच राहिली.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. शाकीर आला होता. शाकीर मूळ शिरूरचा. सहा वर्षांपूर्वी आयटीआय करून कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला, तेव्हा संपतच्याच हाताखाली टाकीवर उभा राहिला होता. आता तो कंपनीचा माणूस होता, खिशावर नाव असलेला शर्ट घालायचा. तरी संपतला मामाच म्हणायचा आणि सुवर्णाच्या हातची भाकरी मागून खायचा.

"मामा, हे घ्या." त्यानं शर्टाच्या आतून एक पातळसं पुस्तक काढलं. निळं कव्हर, वर टाकीचा फोटो. "नव्या पोरांना शिकवायला कंपनीनं छापलंय. कालच आलं. उद्या मुलाखतीत सगळं ह्यातनंच इचारणार हायेत."

संपतनं पुस्तक हातात घेतलं, पानं मोजल्यासारखी उलटली आणि लेकीकडे दिलं.

"मी वाचाया बसलो तर दिवाळी यील. तू वाच. मी ध्यानात ठिवतो."

प्रांजल ओट्याच्या पायरीवर बसली, बरणीच्या शेजारी. पहिली चार-पाच पानं नकाशे आणि पंपांची नावं. संपत डोळे मिटून ऐकत होता आणि ओठांतल्या ओठांत नावं म्हणत होता. सहाव्या पानावर ती वाचू लागली, "टाकीजवळ गेल्यावर लगेच कशालाही हात लावू नये. आधी नाक, मग डोळे, मग हात."

संपतनं डोळे उघडले.

प्रांजलही थांबली. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. दूध नासलंय का बघताना, सायकलची बिघडलेली चेन दुरुस्त करताना, एकदा तर तिच्या तापाच्या वेळीसुद्धा, पप्पा हेच म्हणायचे. आधी नाक, मग डोळे, मग हात.

"वाच की," संपत म्हणाला.

"फेस पांढरा आणि हलका असेल तर टाकी अजून बाळ आहे असे समजावे. फेस दाट आणि तपकिरी झाला, की टाकी म्हातारी झाली. कढईतल्या उसाच्या रसाप्रमाणे फेसाच्या रंगावर लक्ष ठेवावे."

आतलं भाकरी थापणं थांबलं. सुवर्णा पिठाच्या हातांनी चौकटीत येऊन उभी राहिली.

संपत तरणा होता तेव्हा कासुर्डीजवळच्या एका गुऱ्हाळावर सात वर्षं कढईपाशी होता. उकळत्या रसावर आलेली मळी झाऱ्यानं काढायची आणि फेसाच्या रंगावरून गूळ कधी उतरवायचा ते सांगायचं, हे त्याचं काम. सुवर्णाला ते माहीत होतं. दौंडमध्ये दुसऱ्या कुणाला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

"परत वाच गं," ती म्हणाली. "कढईचं परत वाच."

प्रांजलनं परत वाचलं. मग तिनं पानं उलटली आणि अकराव्या पानावर आली.

"सणासुदीला कारखाना बंद असताना टाकीत नवे पाणी येत नाही. पाण्यातले सूक्ष्म जीव उपाशी राहतात. अशा वेळी गूळ कोमट पाण्यात विरघळवून टाकीत घालावा. एकदम ओतू नये. उपाशी माणसाला कोणी एकदम पोटभर वाढत नाही."

दर दिवाळीला, फराळाच्या ताटावरून उठून, गुळाची ढेप गाडीला बांधून कुरकुंभला जाणारे पप्पा प्रांजलच्या डोळ्यांपुढे आले. ‘पोरं उपाशी असतील गं,’ असं म्हणून ते जायचे. ती लहान असताना तिला खरंच वाटायचं की तिकडे पप्पांची आणखी पोरं आहेत.

"हे तर तुमचं बोलणं हाय," सुवर्णा म्हणाली. "जसंच्या तसं. कंपनीनं कवा ऐकलं?"

संपतनं पुस्तक ओढून घेतलं. पहिलं पान काढलं, मग शेवटचं, मग परत पहिलं. ‘लेखन: तांत्रिक विभाग,’ एवढंच तिथं होतं. तो त्या दोन शब्दांवर बोट ठेवून बसला.

"त्या मॅडम," तो अखेर म्हणाला. "दोन वर्षांमागं तांत्रिक विभागात आल्या व्हत्या बघ, नागपूरच्या. रोज दुपारी टाकीवर येऊन बसायच्या."

"व्हय," शाकीर म्हणाला.

"मला वाटायचं, पोरगी परक्या गावात एकटी हाय. बोलाया कुणी न्हाई, म्हणून येती. म्या चहा द्यायचो आन् बोलत बसायचो. तिला करमावं म्हणून गुऱ्हाळाच्या गोष्टी सांगायचो. तिचा फोन असा कठड्यावर असायचा."

"फोन चालू असायचा, मामा. त्या बोलणं भरून घ्यायच्या."

संपतनं मान वर केली.

"तुला ठावं व्हतं?"

शाकीरनं दारातल्या बुटांकडे पाहिलं. "मला वाटलं, तुमालाबी ठावं हाय. त्यांनी आधी मला इचारलं तवा म्या सांगितलं व्हतं, मला येतंय ते सगळं मामांनी शिकवलंय, त्यांनाच इचारा. नाव टाकतील आसं वाटलं व्हतं. मग त्या नोकरी सोडून गेल्या. पुढं कुणी टाकलं न्हाई."

सुवर्णा ताडकन म्हणाली, "म्हंजी चहा आमचा, बोलणं आमचं, आन् उद्या परीक्षाबी आमचीच?"

संपतचा चेहरा मात्र रागाचा नव्हता. पाय ठेवावा आणि तिथं पायरीच नसावी, तसा दिसत होता. तो हळूच म्हणाला, "मग आता माझं काय काम राहिलं, शाकीर? सगळं तर ह्यात आलं. कुणीबी नवा पोऱ्या वाचील आन् उभा राहील. उद्या जाऊन सांगू काय?"

सुवर्णा चौकटीला टेकली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी ती हलली नाही.

प्रांजलनं पुस्तक पुन्हा आपल्याकडे घेतलं. तिला वाटलं, निदान वाचणं तरी चालू ठेवावं. तिनं अकरावं पान पुढं वाचलं, "बाजारात सहज मिळणारा, स्वच्छ, पिवळा गूळ वापरावा."

"काय?" संपत म्हणाला.

"स्वच्छ, पिवळा गूळ वापरावा."

"पिवळा?" तो अर्धवट उठला. "पिवळा न्हाई! पिवळा धमक दिसावा म्हणून कढईत पावडर मारत्यात त्याला. म्या सात वर्षं मारली हाय ती, माझ्या हातांनी. पोरं न्हाई खात तो. एका दिवाळीला दुकानदारानं पिवळा दिला, दुसऱ्या दिशी टाकी मेल्यागत पडली व्हती. काळाच गूळ लागतो, बिगर पावडरीचा. जिभंला लावून बघायचा. खारट लागला का समजायचं, पावडर हाय."

"मॅडमना सांगितलं नव्हतं?" शाकीरनं विचारलं.

"इचारलंच न्हाई तिनं. गूळ म्हंजी गूळ, आसं वाटलं आसंल." संपत बोलता बोलता थांबला. शाकीर त्याच्याकडे टक लावून पाहत होता.

"मामा, मागच्या दिवाळीला तुमी तापानं घरी व्हता, तवा म्याच घातला व्हता गूळ," शाकीर म्हणाला. "चांगला निवडून, पिवळा आणला व्हता. टाकी चार दिवस उठली न्हाई. साहेबांनी कुठली कुठली औषधं मागवली. कुणाला कळलंच न्हाई, का ते."

संपत खाली बसला. त्यानं शाकीरकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं, जणू ते आताच कुणीतरी आणून दिले होते.

मग सुवर्णानं आत जाऊन करपलेली भाकरी खाली उतरवली. शाकीरनं तीच मागितली. ती म्हणाली, काळी झाली हाय. तो म्हणाला, काळीच द्या, मामी. परवापासून पहिल्यांदा संपत हसला.

तोवर अर्धा तास झाला होता. प्रांजलनं बरणीला बोटं लावली. दोन बोटं. वर नखभर.

तिनं पप्पांच्या मांडीवरून पॅड अलगद काढलं. चौकोनातली चारही ‘नाही’ खोडरबरानं नीट पुसली, फुंकर मारून कण उडवले. मग दप्तरातलं निळं पेन काढलं. पेन्सिल नाही, पेन. शाळेत फळ्यावर लिहावं तशा गोल अक्षरांत तिनं लिहिलं:

‘कौशल्ये: सोबत पुस्तक जोडले आहे.’

आईच्या शिवणाच्या डब्यातून तिनं सुई आणि दुहेरी दोरा आणला आणि पुस्तक फॉर्मला चार टाक्यांनी शिवून टाकलं. शेवटी गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. काहीतरी आठवल्यासारखं करून तिनं पेन पुन्हा उघडलं आणि चौकोनात उरलेल्या जागेत आणखी एक ओळ लिहिली:

‘पान अकरावर एक चूक आहे. ती यांना विचारावी.’