खिडकीतली खोकी

मुलुंड पूर्वेला परबांच्या भाड्याच्या घरी गेलं की दार उघडल्याबरोबर माणसं दिसायची नाहीत, आधी खोकी दिसायची. टीव्हीची, मिक्सरची, वाण्याकडून मागून आणलेली साबणाची. जमिनीपासून थेट पडद्याच्या दांडीपर्यंत रचलेली, वर चिकटपट्टी मारलेली, आणि प्रत्येकावर अनंता परबांच्या ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘नवं घर’. चुकून कोणी पाहुणा आलाच, तर त्याला टेकायला जागा करण्यासाठी एक खोकं स्वयंपाकघरात न्यावं लागे आणि त्याच्या बदल्यात त्यांच्या बायकोला, उत्तरावहिनींना, स्वयंपाकघरातून बाहेर यावं लागे. म्हणून मग पाहुणे बोलावणंच बंद झालं होतं. “नव्या घरात या हो,” म्हणायचं आणि फोन ठेवायचा.

हसू नका, मंडळी! आपल्या उपनगरांत गल्लीगल्लीत अशी घरं आहेत. जुनी इमारत पाडली, नवी उभी राहायची आहे, तोवर भाड्याने राहायचं आणि दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड पाठीवर घेऊन पुढच्या घरमालकाच्या अटी ऐकायच्या. भिंतीला खिळा मारायचा नाही. गॅलरीत कुंड्या ठेवायच्या नाहीत. मोठ्याने भजन म्हणायचं नाही. तेवढं सहन होतं हो, कारण ‘थोडेच दिवस’ असतात ना!

परबांची ‘सोबती’ सोसायटी पाडली, तेव्हा अनंताची मुलगी शाळेत होती. आता ती लग्न होऊन पुण्याला गेली होती आणि सोबतीच्या जागेवर एक खड्डा होता. खड्ड्यात हिरवं पाणी, पाण्यात बेडूक, आणि बाहेर पत्र्यावर बिल्डरने लावलेलं चित्र. चित्रात एक गोरंपान कुटुंब गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसून हसत होतं. उन्हाने त्यांचे चेहरे उडाले होते. नुसते दात राहिले होते.

तरी अनंताचा जीव त्या चित्रात अडकलेला. बायकोने परसातली अबोलीची कुंडी टाकायची नाही म्हटलं, तेव्हा तो म्हणाला होता, “नव्या घरात बाल्कनी आहे गं, दहा कुंड्या घे.” रविवारचा कॅरम खोक्यात गेला, कारण नव्या घरात हॉल मोठा होता. त्या हॉलला फरशी कुठल्या रंगाची बसवायची यावरून तर नवरा-बायकोत दोन दिवस अबोला झाला होता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ती हीच गत.

आणि एका खोक्यात होत्या शेवंतीबाईंच्या कपबश्या. शेवंतीबाई म्हणजे अनंताची आई. करारावर सह्या झाल्या त्या दिवशी ती एकटीच बाजारात गेली आणि निळ्या फुलांचा, सोनेरी कडेचा संच घेऊन आली. जन्मभर गिरणी कामगाराच्या घरात स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायलेली बाई! “नव्या घरात पहिलो चाय ह्या कपात,” असं म्हणून तिने तो संच पुन्हा कागदात गुंडाळला. दुसऱ्या भाड्याच्या घरात असताना ती वारली. तोंडात पाणी घातलं, तेही स्टीलच्याच पेल्यातून.

राहिले आबा, म्हणजे अनंताचे वडील बाळा परब. सोबतीत त्यांचं घर तळमजल्यावर होतं. संध्याकाळी खुर्ची खिडकीशी ओढायची, चहा बशीत ओतायचा, फुंकर मारायची, आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, “काय रे, चाय घेतलंस?” पोस्टमन असो, शाळेची पोरं असोत, की मच्छीची पाटी घेऊन चाललेली कोळीण असो. कोणी हो म्हणे, कोणी हसे, कोणी आत येऊन खरंच चहा पिऊन जाई. एवढीच त्या माणसाची चैन होती. देवधर्म, पेपर, टीव्ही, कशाचंही त्यांना वेड नव्हतं.

या घरात खिडकी खोक्यांमागे होती. आबा दिवसभर पलंगावर बसून खोक्यांकडे बघत. आधी त्यांचं बोलणं कमी झालं, मग जेवण. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासायला लावलं आणि म्हणाले, “रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. पण आजोबांचं मन लागत नाहीये. कशात तरी मन रमवा, नाहीतर असेच मिटत जातील.”

त्या रात्री उत्तरा म्हणाली, “अहो, ती खोकी तेवढी हलवू या ना. आबांना खिडकी मोकळी करून देऊ.”

“कुठे हलवू? डोक्यावर घेऊन बसू?”

“उघडून टाकू. वापरू सगळं.”

“आणि परत कोण पॅक करणार? तुझा भाऊ येणार आहे? थोडे दिवस कळ काढ गं!”

“थोडे दिवस, थोडे दिवस! आईंच्या वेळीही हेच म्हणालात.”

 अनंता भिंतीकडे तोंड करून झोपला.

मार्चमध्ये सोसायटीची सभा झाली. शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर सगळे म्हातारे गुडघे दुमडून बसले होते. सेक्रेटरी अंबादासकाका उभे राहिले आणि म्हणाले, “बिल्डर बुडाला. बँकेने जागेवर दावा लावलाय. वकील म्हणतात लढू, पण किती वर्षं ते देवाला ठाऊक.” कोणी ओरडलं नाही. ओरडायचं ते गेल्या काही सभांमध्येच ओरडून झालं होतं. एक बाई तेवढी हळू आवाजात म्हणाली, “आमचे हे असते तर...” आणि सभा संपली.

अनंताने घरी कोणालाच काही सांगितलं नाही. त्यात दुष्काळात तेरावा महिना, तसा घरमालकाचा फोन आला. मुलाचं लग्न ठरलंय, जागा खाली करा.

शिफ्टिंगचा दिवस उजाडला. टेम्पो खाली लागला. हमालांनी पहिल्यांदा खोकीच उचलली. वरचा थर गेला, मधला गेला, आणि अचानक खोलीत ऊन आलं. सबंध अकरा महिने ज्या खोलीत दिवसा ट्यूबलाइट लागत होती, तिथे लख्ख पिवळं ऊन! मागोमाग वारा आला. बाहेर एक भलंमोठं जांभळाचं झाड होतं, त्याच्या फांद्या गजांना टेकल्या होत्या, आणि खाली एका शाळेचं मैदान होतं. पोरं कबड्डी खेळत होती.

आबा पलंगावरून उठले. काठी न घेता उठले. खिडकीशी गेले आणि गजाला धरून उभे राहिले.

“रे अनंता, हयसर खिडकी होती?”

अनंता हमालाच्या हातातलं खोकं सावरायला लागला.

“एवढी मोठी खिडकी होती? झाड होता? आणि आमी खोकी बघीत बसलव?” आबांनी खुर्ची ओढली आणि बसले. “मी खंय जावचंय नाय. तुमी जावा.”

“आबा, असं काय करताय? टेम्पोवाला थांबलाय. नव्या घरात...”

“नव्या घराचा नाव काढू नको!” आबांचा आवाज असा चढला की जिन्यातले हमालही थांबले. “तुझ्या आवशीन त्या कपातलो एक घोट घेवक नाय. नव्या घरात, नव्या घरात म्हणान गेली ती. माका घर नको रे. माका खिडकी होयी! खोक्यांका कित्याक खिडकी? जितो मी आसंय!”

 उगीच काहीतरी करायचं म्हणून अनंताने खालच्या थरातलं एक खोकं उचललं. ते भिंतीच्या ओलीला लागून होतं. उचलताच बूड सुटलं आणि सगळं धाडकन जमिनीवर आलं. शेवंतीबाईंच्या कपबश्या! निळी फुलं खोलीभर झाली.

उत्तरा धावत आली. घाईघाईने तिने दुसरी खोकीही फोडून बघितली. रजयांना बुरशी आली होती. कॅरम ओलीने फुगून पापडासारखा वाकला होता. लग्नातल्या शालूला कसर लागली होती, हात लावला तिथे विरला. इतकं जपलेलं, एकदाही न वापरलेलं, आणि सगळं वाया गेलं!

अनंता त्या काचांमध्ये मटकन बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण हमालांसमोर हमसून हमसून रडला. “आबा, घर होत नाहीये. बिल्डर बुडाला. मी तुम्हाला सांगितलंच नाही. आता आपलं घर काही होत नाही.”

“माका म्हायत आसा,” आबा म्हणाले. “तुझ्या तोंडावर लिवलेला आसा ता.” मग ते वाकले आणि काचांमधून त्यांनी काहीतरी उचललं. एक बशी. कडेला टवका गेलेला, बाकी धड. धोतराच्या सोग्याने त्यांनी ती पुसली.

“बशी रवली मा? मग झाला तर. चाय कर गे, उत्तरा. चाय घेतंय, मग येतंय.”

गॅस टेम्पोत गेला होता. उत्तराने शेजाऱ्यांकडून चहा मागून आणला. टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत राहिला. आबांनी बशीत फुंकर मारली आणि खालच्या कबड्डीतल्या पोरांना विचारलं, “काय रे, चाय घेतलंस?” पोरांनी वर पाहिलं आणि एक जण ओरडला, “आजोबा, तुम्ही कोण? कधी आलात इथे राहायला?”

आबा म्हणाले, “आज.” मग ते उठले आणि खाली उतरले.

पुढचं घर मिळालं ते मिठागरांच्या बाजूला, आणखी आत. अनंताने तिथे गॅस लावायच्या आधी खिडकीशी आबांची खुर्ची ठेवली. धड उरलेलं सगळं बाहेर काढलं, रिकामी खोकी भंगारवाल्याला दिली. उत्तराने अबोलीची कुंडी आणली आणि घरमालकाने विचारलं तर काय सांगायचं ते नंतर बघू, असं ठरवलं. पण नशीब बघा, या खिडकीतून ना झाड, ना रस्ता. हात लांब केला तर लागेल अशी समोरच्या इमारतीची खिडकी, आणि त्या खिडकीत काचेला चिकटून रचलेली काय असतील? खोकी! तीही कुठल्या तरी पाडलेल्या सोसायटीची माणसं असावीत.

अनंता खजील झाला. “आबा, दुसरं घर बघतो.”

“कित्याक? वारो येता मा.” आणि आबांनी समोरच्या खिडकीकडे बघून हाळी दिली, “ओ घरवाल्यांनू! खोकी काढा बाजूक! वारो येवंदे आत!”

पलीकडून कोणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण आबांचा नेम चुकला नाही. संध्याकाळी बशी भरायची, फुंकर मारायची, आणि त्या मुक्या खोक्यांना विचारायचं, “चाय घेतलंस?” मग जरा थांबून, “खोकी काढा रे!” उत्तरा हसायची, अनंता लाजायचा. कामावरून आल्यावर मात्र तोही आता पेला घेऊन खुर्चीशेजारी जमिनीवर बसायला लागला होता. गप्पा फार होत नसत. बाप बशीतून प्यायचा, मुलगा पेल्यातून. कितीतरी वर्षांनी दोघं जण एका वेळी चहा पीत होते.

एवढ्याने आबा पुन्हा तरुण झाले, असं मी सांगणार नाही. शरीर थकलं होतं. पावसाळ्यात छाती भरली, बशी एका हाताने पेलवेना, मग अनंता ती धरायचा. दिवाळीच्या आधी आबा गेले. खड्डा होता तिथेच होता. कोर्टाने पुढची तारीख दिली होती. नव्या घराचं तोंड न बघताच परबांच्या घरातलं दुसरं माणूस गेलं.

तेरावं झालं. त्या संध्याकाळी अनंता खुर्चीत बसला. बशी समोर होती, चहा निवत चालला होता. सगळंच फुकट गेलं, असं त्याला वाटत होतं. बापाला शेवटचे काही महिने एक खिडकी दिली, तीसुद्धा खोक्यांसमोरची! आधीच्या सगळ्या वर्षांचं काय?

इतक्यात समोर काहीतरी सरकलं. वरचं एक खोकं आत ओढलं गेलं. मग दुसरं. धुळीने माखलेली काच दिसली, ती करकरत उघडली, आणि एका बाईने डोकं बाहेर काढलं. केस विस्कटलेले, पदर खोचलेला.

“ओ दादा,” ती जरा रागातच म्हणाली, “ते आजोबा कुठे आहेत? रोज ओरडायचे आमच्या नावाने, खोकी काढा, खोकी काढा. किती दिवस झाले, आवाजच नाही. आमची सासू अंथरुणाला खिळलीय, ती सारखी विचारते, ते चहाचे आजोबा का बोलत नाहीत म्हणून. शेवटी म्हटलं, बघू तरी!”

अनंता खुर्चीतून उठला. “ते गेले, वहिनी.”

बाईने खोचलेला पदर सोडून खांद्यावर घेतला. तिच्या मागे अंधाऱ्या खोलीत एका पलंगावर एक म्हातारी पडून होती. उजेड तोंडावर आल्यामुळे तिने डोळ्यांवर हात आडवा धरला होता. तो हात तिने हळूहळू बाजूला केला आणि ती खिडकीकडे बघायला लागली.

अनंताने बशी उचलली. आवाज बापासारखा मोठा निघाला नाही, पण निघाला.

“काय आजी, चहा घेतला का?”

मंडळी, घर होईल तेव्हा होईल. कदाचित होणारही नाही. आपल्या हातात बिल्डर नाही, बँक नाही, कोर्टाची तारीख तर नाहीच नाही. पण चांगला कप आज काढणं, माणसाला खिडकीशी बसवणं, शेजाऱ्याला ‘चहा घेतला का’ विचारणं, एवढं तर आपल्या हातात आहे ना? सुख पुढच्या घरासाठी बांधून ठेवलं की त्याला कसर लागते, आणि ज्याच्यासाठी ठेवलं ते माणूस तोवर थांबत नाही. आज घरी गेलात की एक करा. तुमच्या खिडकीत काय रचून ठेवलंय ते बघा, आणि त्याच्यामागे कोण बसलंय तेही बघा.