शिलकीची बाटली

सासरे घरातली कुठलीही वस्तू संपू देत नसत. तेलाच्या डब्याचा तळ दिसायच्या आत वरून नवीन तेल ओतायचं, चहाच्या बरणीत जुन्या पत्तीवर नवी पत्ती टाकायची, झिजून चकती झालेला साबण ओला करून नव्या वडीच्या पाठीवर चिकटवायचा, असा त्यांचा कारभार होता. डबा एकदा तरी घासून, उन्हात वाळवून मग भरावा, तळाचं खवट तेल वरच्या चांगल्या तेलालाही वास लावतं, हे सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून सांगत होत्या. पण सांगून उपयोग काय? सासऱ्यांनी एकदा नाक वर केलं की विषय संपला. मग सासूबाई पुटपुटत चुलीकडे वळायच्या आणि ते तेल सगळे मुकाट्याने खायचे.

हेच गृहस्थ जन्मभर एका प्रयोगशाळेत रसायनांची खोली सांभाळत होते. सगळे त्यांना बाटलीमास्तर म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं. घरातला कारभार तिथेही चालत असणार हे कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं. कुणाच्याच आलं नाही.

सून त्याच प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. गुरांच्या खाद्यात स्निग्धांश किती, तेलात भेसळ किती, हे तपासायचं तिथलं काम, आणि स्निग्धांश वेगळा काढायला लागतं ईथर. सासरे निवृत्त झाले तेव्हा त्यांची खोली तिच्याकडे आली. तिने पहिल्या आठवड्यातच नियम लावून दिला. ईथरचा डबा उघडला की उघडल्याची तारीख त्यावर लिहायची, मुदत सरली की उरलंसुरलं परत न वापरता बाहेर काढायचं. मुख्य साहेब तिला चिडवायचे, की मॅडम, तुमच्याकडे माणसांवरही तारीख टाकायची सोय आहे का? ती हसायची आणि तारखा तपासत राहायची. त्या बाबतीत ती हट्टी होती, आणि बरंच होतं म्हणायचं.

त्या दिवशी खोलीत नवी फरशी बसवायला कामगार येणार होते, म्हणून ती सकाळीच कपाटं रिकामी करायला बसली. अगदी खालच्या फळीवर, जुन्या चाळण्यांच्या मागे, एक मोठी तपकिरी बाटली निघाली. चिठ्ठीवर सासऱ्यांचं गोलगोल अक्षर होतं. ‘ईथर, शिल्लक.’ खाली त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यातली तारीख. तिचा हात पुढे गेलाच होता, पण चिठ्ठी फार जाड दिसली म्हणून ती थांबली. वाकून पाहिलं तर चिठ्ठीखाली चिठ्ठी, तिच्याखाली आणखी चिठ्ठी, नुसता पुठ्ठा झाला होता. दर वेळी डब्यात उरलेलं ईथर सासऱ्यांनी याच बाटलीत ओतलं होतं आणि वर नवी तारीख डकवली होती. झाकणाखाली, बाटलीच्या मानेवर, बारीक पांढरे खडे जमले होते. बरणीच्या काठाला मीठ सुकून बसतं, तसे.

ते खडे कसले, हे तिने लगेच ओळखलं.

ईथर हवेत आणि उजेडात राहिलं की हळूहळू त्याचं दुसरंच काही तयार होतं. ते दिसत नाही, वासाने कळत नाही. वरून कितीही ताजं ईथर ओता, तळातलं ते तसंच राहतं आणि वाढत जातं. झाकणाशी सुकून त्याचे खडे झाले, की मग स्फोट व्हायला नुसतं झाकण फिरवणं पुरतं. बाटली जरा घासली, जरा आपटली, तरी पुरतं. अशा बाटलीला हात लावायचा नाही, उघडायची नाही, हलवायची नाही, एवढं एकच शहाणपण असतं.

तिने हात मागे घेतले. कपाटाचं दारसुद्धा लावलं नाही. पावलं न वाजवता बाहेर आली, खोलीला कुलूप घातलं, चावी खिशात टाकली आणि साहेबांना गाठलं. साहेब आधी कुरकुरले. बाटलीमास्तरांची बाटली आहे, त्यांनी काही विचार करूनच ठेवली असेल, कामगारांचा दिवस फुकट जाईल, उगाच बोभाटा होईल. ती ऐकून घेत होती, पण हलत नव्हती. शेवटी साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाला फोन लावला. पथकाचा अधिकारी शांत माणूस होता. आम्ही येईपर्यंत आत कुणी जायचं नाही, म्हणाला. बाटली किती भरलेली आहे, किती जुनी आहे, आणि ती शेवटची कधी पूर्ण रिकामी केली होती, हे त्याला हवं होतं. विचारून सांगते, असं ती म्हणाली.

तिने घरी फोन लावला. सासऱ्यांनीच उचलला.

“बाबा, खालच्या फळीवरची ती शिलकीची बाटली. तुम्ही ती कधी रिकामी करून धुतली होती?”

पलीकडून लगेच उत्तर आलं नाही. मागे नळ वाहत होता, सासूबाई भांडी घासत असाव्यात.

“धुतली होती की,” सासरे म्हणाले. “निवृत्त व्हायच्या आधी. मी स्वतः. का गं? काही झालं का?”

तिने बाटलीवरच्या खड्यांचं आणि येणाऱ्या पथकाचं सांगितलं. घाबरण्यासारखं काही नाही, असंही सांगितलं.

“आत्ता येतायत?” सासऱ्यांनी विचारलं.

“दुपारपर्यंत येतील.”

“उगाच राईचा पर्वत करताय. धुतली आहे मी.”

ते खोटं बोलत होते. तिला ते शब्दांच्या आधीच, त्या गप्प राहण्यातच कळलं. या माणसाने जन्मात कधी डबा रिकामा केला नव्हता, आणि उत्तर द्यायला असा वेळही कधी घेतला नव्हता. पण सासऱ्यांना तोंडावर खोटं कसं म्हणायचं? तेही ज्या खोलीत त्यांनी उभा जन्म काढला, त्या खोलीवरून?

“बरं बाबा,” ती म्हणाली. “मग काळजीच नको.”

फोन ठेवला आणि लगेच तिने पथकाला कळवलं, की बाटली कधीच रिकामी झालेली नाही असं धरून चला. परक्या माणसाला खरं सांगायला तिला जराही जड गेलं नाही. उलट तिला बरंच वाटलं. मोठ्या माणसाचा मानही राहिला आणि नियमही मोडला नाही, असं तिला वाटलं. किती सहज वाटतं माणसाला असं.

सगळे फाटकाजवळ, वाहनं लावायच्या जागेत उभे होते. कामगार आपल्या पेट्यांवर बसून जांभया देत होते. फरशीचे दोन रंग दाखवून साहेब कुठला चांगला म्हणून ज्याला त्याला विचारत होते. संध्याकाळी घरी काय सांगायचं याची ती मनात जुळवाजुळव करत होती. पथक आलं, घेऊन गेलं, काही नव्हतं बाबा, एवढंच सांगायचं. पुढे मागे कधीतरी, चहा पिताना, हळूच खरं काढायचं.

आवाज फार मोठा नव्हता. आत एखादं कपाट पडावं तसा. मग काचा पडल्या.

तिने आधी माणसं पाहिली. कामगार होते, साहेब होते, तपासणीचं काम करणाऱ्या दोघीही होत्या. सगळे बाहेर होते. तेवढ्यात रखवालदार पांढऱ्या चेहऱ्याने जवळ आला.

“मॅडम, मास्तर मघाशी मागच्या भिंतीकडून गेले. म्हटलं, तुम्हीच बोलावलं असेल.”

खोलीला मागून एक दार होतं, माल उतरवायचं. त्याची चावी सासऱ्यांकडे राहून गेली होती. घरात, दाराशेजारच्या खुंटीवर, छत्रीच्या बाजूला ती लटकलेली असायची. रोज बाहेर पडताना ती तिच्या नजरेला पडायची. आज सकाळीही पडली होती.

सासऱ्यांनी बाटली ओल्या पंच्यात गुंडाळली होती. अगदी हळू, तान्ह्या मुलाला उचलावं तशी उचलली असणार, कारण कपाटापासून मागच्या दारापर्यंत ती शाबूत आली होती. दार लावून घेताना काय झालं ते कुणाला सांगता आलं नाही. उजवा हात मनगटापासून गेला. डोळे दोन्ही गेले. जीव तेवढा राहिला.

चौकशी झाली. सूचना काटेकोर पाळल्या गेल्या, दोष मॅडमचा नाही, असं ठरलं. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. ते चालू असतानाच ती उठून बाहेर गेली. नवरा मालमोटारीवर दूरच्या फेरीला होता, तो आला, चार दिवस बापाच्या उशाशी बसला आणि परत गेला. सासूबाईंनी एक दिवस तेलाचा डबा उपडा केला, राखेने घासला आणि उन्हात ठेवला. तो वाळला तरी बरेच दिवस त्या डब्यात तेल भरेनात.

सासऱ्यांना घरी आणल्यावर दुपारचं जेवण ती भरवायची. ते निमूट तोंड उघडायचे. त्या दिवसाबद्दल कुणी काही बोलायचं नाही. असे कितीतरी दिवस गेल्यावर, एका दुपारी मऊ भाताचा घास गिळून ते म्हणाले,

“सूनबाई, ती बाटली मी धुतली नव्हती.”

“माहीत आहे, बाबा.”

“चौकशीत निघालं?”

“नाही. तुम्ही फोनवर बोललात तेव्हाच कळलं होतं.”

पट्टी बांधलेला चेहरा तिच्या आवाजाच्या दिशेने वळला.

“मला वाटलं, तुला खरं वाटलं,” ते म्हणाले. “तू माझ्या शब्दावर विसंबून सगळ्यांना सांगणार, धुतलेली आहे म्हणून. मग ती माणसं येऊन बघणार आणि तू तोंडघशी पडणार. म्हटलं, त्यांच्या आधी जाऊन बाटली लांब मैदानात नेऊन ठेवावी. तेवढ्यासाठी गेलो.”

सासूबाई आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“मग तेव्हाच का नाही म्हणालीस?” सासऱ्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. “बाबा, तुम्ही खोटं बोलताय. एवढंच म्हणायचं होतंस.”

तिच्याकडे उत्तर होतं. तुमचा मान ठेवला, हे ते उत्तर. ते तिच्या ओठांपर्यंत आलं, आणि तिने ते गिळलं. चमच्यातला भात निवत चालला होता, तरी तिचा हात वर उठेना.