तानीच्या विहिरीची कावड

म्हसा गावची यात्रा उलगडली आणि पुढे माघात सावळारामच्या धाकट्या लेकीचं, तानीचं, लग्न झालं, ते साल १९३८. तिला मुरबाडच्या पलीकडे, डोंगराखालच्या गावात दिली होती. वैशाखात त्या गावात पटकी शिरली. सहा माणसं गेल्याची बातमी सावळारामच्या गावी, किन्हवलीला आली. तानी बरी आहे असाही निरोप होता, पण गावाला विहीर एकच.

शहापूरच्या मास्तरांनी दारोदार फिरून तांदूळ, गूळ, मीठ जमवलं. विहिरीत टाकायची जांभळी पूडही मिळवली. गाड्या सगळ्या लग्नसराईत गुंतलेल्या. म्हणून दोन पाट्यांची कावड केली. एका गावच्या गड्यानं ती पुढच्या गावच्या शिवेपर्यंत न्यायची, तिथं दुसऱ्यानं खांद्यावर घ्यायची, आणि गावागावानं तीत पसापसा तांदूळ घालायचा. कावड किन्हवलीला आली तसा सावळारामनं काचा मारला.

"मी शेवटपावेतो संगं जानार," तो म्हणाला. "माज्या लेकीच्या विहिरीत पूड माज्या हातानं पडू दे."

निघताना त्याची बायको हिराबाई पुढे झाली. तिनं पाटीत तांदळावर चोळखण, हिरव्या बांगड्या, नारळ ठेवला आणि हळदकुंकू वाहिलं. तानीच्या नावानं देवीची ओटी. पटकी लागलेलं गाव रोगराई अशीच खणाबांगड्यांच्या पाटीत घालून शिवेबाहेर काढतं, आणि ती पाटी ज्या गावात शिरेल तिथं रोग जातो, हे सावळारामला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बायकोचा चेहरा बघून त्याला बोलवेना. त्यानं वरून फडकं बांधलं, एवढंच.

दोन गावं सुखरूप गेली. तिसऱ्या गावच्या शिवेवर ओढा होता. कावड धर्माच्या खांद्यावर होती. हा धर्मा मागल्या गावचा, तोंडाचा फटकळ. ओढ्याच्या उतारावर वाऱ्यानं फडकं उडालं आणि पलीकडे कावड घ्यायला उभी असलेली माणसं जागच्या जागी थबकली. त्यांच्यात अंबूबाई नावाची म्हातारी होती. तिच्या शब्दाला गावात मान होता.

"थांब रे! पाटी आलीकडं आनू नको."

"आजे, तांदूळ नि गूळ हाय यात," धर्मा ओरडला.

"आनि हिरव्या बांगड्या कोनाला रे? तुला भरायच्यात काय?"

दोघेतिघे हसले, पण उगारलेल्या काठ्या खाली आल्या नाहीत. सावळाराम पाण्यात उतरला, हात जोडून म्हणाला, "बाय, ही रोगाची पाटी नाय. माज्या लेकीची ओटी हाय."

म्हातारीचा आवाज उतरला. "आसंल रे बाबा. पन आमच्या घरातनी पोरं हायेत. ती ओटी वढ्यात सोड, आमचा गडी आत्ता कावड उचलतो. दोपारपावेतो मुरबाड गाठंल, सांजंच्या आधी तुजी विहीर."

सावळारामनं ओटीला हात घातला. बांगड्या हाताला लागल्या. तानीच्या नावानं भरलेलं आपल्या हातानं पाण्यात सोडायचं? हात तिथंच राहिला.

"सोड रं मामा," धर्मा हळूच म्हणाला. "देवी काय रागवायची नाय."

"तुला लेक नाय, धर्मा."

शिवेपर्यंतचं धर्माचं काम झालं होतं. तरी तो मागे फिरला नाही. रानातून वळसा घालून जायचं ठरलं. पायवाट चढाची होती, दर शेतभर वाटेला खांदा बदलावा लागे. ती रात्र त्यांनी एका ठाकरवाडीत काढली. दुसऱ्या दिवशी उन्हाच्या तडाख्यात पुन्हा चाल.

गावात पोचले तेव्हा दिवस मावळत होता. जावई, जयराम, विहिरीच्या काठावर बसला होता. अंगावरचं धोतर अजून ओलं होतं. त्यानं सासऱ्याकडे पाहिलं, मग कावडीकडे.

"काल सांजंला चांगली होती, मामा," तो म्हणाला. "पानी भरून आनलं, जेवली. रातीला जुलाब लागलं."

सावळारामनं पुडी सोडली. धर्मानं त्याच्या मनगटाला आधार दिला. पूड पाण्यावर पडली, पाणी जांभळं होत गेलं. गावातलं त्यानंतर कोणी गेलं नाही.

तानी त्याच दिवशी, वैशाख वद्य पंचमीला, गुरुवारी, दुपारी वारली होती. तिला सतरावं वर्ष चालू होतं.