पिवळ्या ओढणीच्या चिंध्या

"लोक जनावरं इकून धंदा टाकतात, अन् तुमी धंदा टाकून जनावरांमांगं चालले," सितारा म्हणाली आणि डब्याचं झाकण तिने जरा जोरातच दाबलं.

रऊफ गाडीच्या डिक्कीत शेळीच्या दुधाची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवत होता. "आता हे बोलून काय फायदा? ठरलं ना आपलं?"

"ठरलं. म्हणूनच बोलून राह्यली. ठराच्या आधी कोण आयकत व्हतं?" मग तिचा आवाज खाली आला. "पंजाबभाऊची मशीन नेऊन देली का?"

"अशफाकले सांगतो."

"अशफाकले मशीनीतलं काय कळते?"

धाकट्या भावाला, अशफाकला मशीनीतलं काही कळत नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं.

मंगरूळपीरकडच्या मालेगावात, बस स्टँडमागे रऊफचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायच्या आणि शेताच्या कुंपणाला झटका मशीन बसवायची, हा लग्नाआधीपासूनचा धंदा. झटका मशीन म्हणजे बॅटरीवरची एक पेटी. ती तारेत क्षणभरापुरता करंट सोडते; रोही, म्हणजे नीलगाय, किंवा रानडुक्कर दचकून पळतं, मरत नाही. "मशीननं जनावर मरत नाई," हे वाक्य रऊफ प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा, त्याने विचारलेलं असो नसो. वर तारेला सिताराच्या जुन्या पिवळ्या ओढणीच्या चिंध्या बांधायचा, म्हणजे माणसाला आणि गुराला तार लांबूनच दिसावी. शेताभोवती जुन्या साड्या तर सगळेच बांधतात. पण पिवळी ओढणी दिसली की लोक ओळखायचे, इथे रऊफचा हात लागलाय.

जनावरांचं हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते एका विहिरीत. अडकलेली मोटार काढायला तो खाली उतरला, तर कपारीला रोह्याचं पिल्लू अंग चोरून उभं. त्याने ते दोराने छातीशी बांधून वर आणलं. पिल्लाचं काळीज असं धडधडत होतं, की त्यातलं आपलं कोणतं आणि त्याचं कोणतं हे वर आल्यावरही त्याला बराच वेळ कळेना. मंगरूळपीरजवळ जखमी जंगली जनावरांचं एक खाजगी केंद्र आहे, तिथे तो पिल्लू घेऊन गेला आणि मग जातच राहिला. शुक्रवारी दुकान बंद. मंगरूळपीरला जुम्म्याची नमाज पढायची आणि दिवस मावळेपर्यंत केंद्रात चारा, झाडलोट, पट्ट्या. घरी कधी पाण्याचा ग्लास उचलून न ठेवणारा माणूस हरणाच्या लेंड्या आनंदाने भरतो, हे सिताराला पचायला वेळ लागला.

केंद्र चालवणारा प्रसेनजित वयाने लहान, पण माणूस सरळ. "रऊफभाई, पुढच्या महिन्यापासून कायमचेच या," तो म्हणाला होता. "खोली आहे. वहिनींना, लायबाला पण आणा." दुकान अशफाककडे द्यायचं, लेकीची, लायबाची परीक्षा झाली की बिऱ्हाड हलवायचं, असं ठरलं. सिताराने आठवडाभर तोंड फुगवलं आणि मग एके दिवशी पोळ्या लाटता लाटता विचारलं, त्या खोलीले खिडकी आहे का? रऊफ त्या दिवशी उगाचच बाजारातून जिलबी घेऊन आला.

मेडशीच्या पंजाबरावाच्या शेताला तार ओढून, चिंध्या बांधून झाल्या होत्या; मशीन मात्र दुकानात फळीवर पडून राहिली होती. तुरीला शेंगा भरलेल्या, रोही कळपाने उतरत होते, आणि पंजाबरावाचे फोनवर फोन. "रऊफ, उद्या उद्या करून राह्यला तू. मी रातभर किती जागू?" पण केंद्राची पाण्याची मोटार जळाली होती. पिंजऱ्यांतल्या जनावरांना पाणी नाही म्हटल्यावर रऊफने आधी ती भरली. माणूस थांबू शकतो, जनावर थांबू शकत नाही, असा त्याचा हिशेब.

त्या शुक्रवारी डबा आणि बाटली डिक्कीत ठेवून तो गाडीला किक मारणार, तेवढ्यात प्रसेनजितचा फोन आला. मेडशीला कुंपणाच्या तारेवर रोही मेलीय, शेजारी पिल्लू आहे. "तुम्ही जवळ आहात, तुम्ही पुढे व्हा. आम्ही निघालोच."

कोणाचं शेत, हे विचारायची गरज पडली नाही. सडकेवरूनच त्याला पिवळं दिसलं.

मादी तारेवर आडवी पडली होती. गळ्याखाली तार रुतलेली, आणि तिथलं कातडं काळं पडलेलं. पिल्लू दोन पावलं पळायचं आणि पुन्हा आईपाशी येऊन उभं राहायचं. पंजाबराव बांधावर उकिडवा बसला होता. रऊफला पाहून तो उठलासुद्धा नाही.

"मेन लाइन डायरेक्ट जोडली?" रऊफने विचारलं.

"मंग काय करू? मशीन तुयापाशी. मोटारीच्या डब्यातून वायर टाकली. सकाळी काढाले आलो, तं हे." पंजाबरावाने आवाज खाली आणला. "हे पाय, तू काई बोलू नको, मीबी बोलत नाई. मशीनचा झटका लागला, बस. मशीनवर केस होत नाई. तुयं काई जात नाई, मायंबी काई जात नाई."

रऊफला त्याचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचाच, आणि इतका आला की क्षणभर डोळ्यांपुढे ते शेतही दिसेना.

केंद्राची जीप आली, सोबत वनरक्षक आला. तोवर रऊफने पिल्लाला अंगावरच्या शालीत धरलं होतं. पुष्कळ धडपड करून ते शेवटी बाटलीला लागलं. प्रसेनजितला त्यातही बरं वाटलं. "बघा, तुमच्या हातून पितंय."

वनरक्षकाने तार न्याहाळली. "करंट कशाचा होता?"

"मशीनचा, साहेब," पंजाबराव म्हणाला. "झटका मशीन. जास्त लागला अशीन."

प्रसेनजितने रऊफकडे पाहिलं. त्याच्या मनात काहीच नव्हतं. आपल्या माणसाला विचारावं तसं त्याने विचारलं. "रऊफभाई, तुमचा तर धंदाच आहे. मशीनने रोही मरते का?"

पंजाबरावही त्याच्याकडेच बघत होता. पिल्लू चुटूचुटू पीत होतं. हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. खोली, खिडकी, पुढचा महिना, सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

"मशीननं जनावर मरत नाई," रऊफ म्हणाला. "मशीन इथं नाईच. माह्या दुकानात पडून हाय. डायरेक्ट लाइन व्हती."

"अन् तार कोणी ओढली, हे बी सांग ना," पंजाबराव आता उठला होता. "किती फोन केले तुले?"

"तार मीच ओढली. फोनबी आले व्हते."

वनरक्षक लिहीत होता. प्रसेनजितने रऊफला बाजूला घेतलं. बुटाने एक ढेकूळ फोडलं.

"केसमध्ये तुमचं नाव येईल, रऊफभाई. वायर तुम्ही टाकली नाही, मला माहीत आहे. पण केस मिटेपर्यंत मी तुम्हाला केंद्रात घेऊ शकत नाही. वनखात्यातले वरचे लोक ऐकणार नाहीत."

"केस कवा मिटते?"

प्रसेनजितने पिल्लू आपल्याकडे घेतलं. "बाटली देता?"

रऊफने बाटली दिली. जीपमधून पिल्लू ओरडत होतं, ते वळणापर्यंत ऐकू आलं. पंजाबरावाला वनरक्षकाने मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. जाताना तो रऊफकडे पाहून थुंकला. मेडशीतून आता एकही मोटार अशफाककडे येणार नाही, हे रऊफला तिथेच कळलं. मग त्याने कुंपणाभोवती फिरून एकेक चिंधी सोडली. गाठी त्याच्याच हातच्या, घट्ट मारलेल्या. काही त्याला दातांनी सोडवाव्या लागल्या.

तो घरी आला तेव्हा सितारा दारात पडदा शिवत बसली होती. फुलाफुलांचं कापड, खिडकीच्या मापाचं. एवढ्या लवकर कसे आलात, असं विचारायला तिने मान वर केली आणि त्याच्या हातातल्या चिंध्या पाहिल्या. त्याने सांगितलं. एका दमात आणि थोडक्यात.

तिने दाताने दोरा तोडला. अर्धा शिवलेला पडदा घडी करून पेटीत सगळ्यात खाली ठेवला आणि हात पुढे केला.

"चिंध्या इकडं द्या. धुऊन ठेवते. पुढच्या मशीनीले लागतीन."