फुटका ठिपका

चष्मेवाल्याने चिमट्याने मसुराएवढं भिंग उचललं आणि दिव्यासमोर धरलं.

"पडला होता का लेझर, आजी?"

"हातातून सुटला. फरशीवर."

"तडा गेलाय. उजेड निघतो, पण तड्यात फुटून पसरतो." त्याने भिंग पुन्हा बसवून बटण दाबलं. भिंतीवर लालसर फराटा उमटला. "मांजराला खेळवता वाटतं?"

"जावेला," थोरली म्हणाली.

तो हसला. ती हसली नाही.

सासरी आल्यापासून ती थोरली आणि जाऊ धाकटी. तशी हाक मारणारी माणसं एकेक करून गेली, नावं तेवढी उरली. एका स्वयंपाकघराची दोन झाली तेव्हा बोलणं तुटलं आणि धाकटी गल्लीपलीकडे राहायला गेली. कारण काय, तर एक डबा हिच्याकडे आला आणि त्याचं झाकण तिच्याकडे गेलं. तो डबा अजून बशीने झाकलेला असे.

पुढे धाकटीचे कान गेले, फोनचा उपयोग संपला. परदेशी जाताना तिच्या मुलाने हा लेझर आणून दिला.

"काकू, संध्याकाळी खिडकीच्या काचेतून आईच्या खोलीत ठिपका टाकत जा. कपाटाच्या वर, डोळ्यांत जायला नको. तिला दिसला की ती खिडकी उघडेल. बोलू नका हवं तर."

दोघींनी ते न बोलता पाळलं. ठिपका पडे, खिडकी उघडे, पुन्हा मिटे. दिवसभरात माणसाची चाहूल म्हणावी तर तेवढीच.

लेझर पडल्यापासून मात्र खिडकी उघडली नव्हती. फराटा का होईना, उजेड तर जात होता. समोर दोरीवर कपडे वाळत होते, म्हणजे बाई धडधाकट होती. म्हणजे मुद्दामच. उद्या विषय निघालाच तर आपल्याकडे बोट नको, म्हणून थोरली दुकानात आली होती.

चष्मेवाल्याने एका बंद पडलेल्या लेझरमधलं भिंग काढून बसवलं आणि पितळी कडी हळूहळू फिरवू लागला. फराटा आकसत चालला.

"गंमत सांगतो. परवा एक आजी आल्या होत्या. ऐकू येत नाही, मी पाटीवर लिहून बोललो. म्हणाल्या, चष्म्याची भिंगं बदल. तपासलं तर नंबर तोच. पण ऐकतील तर शपथ! म्हणे, रोज संध्याकाळी भिंतीवर ठिपका यायचा, आता नुसतं तांबडं धुकं येतं. डोळे गेले माझे."

थोरलीने पिशवीचा बंद मुठीत धरला.

"मग?"

"दिली बदलून. काल परत हजर! तुझी भिंगं खोटी, म्हणाल्या. अजून धुकंच."

कडी थांबली. भिंतीवर ठिपका गोल, नेमका झाला. चष्मेवाल्याने ठिपक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आजी, तुमच्या जाऊबाई..."

"लवकर दे," ती म्हणाली. "संध्याकाळ होत आली."

घरी येऊन तिने पिशवीही खाली ठेवली नाही. समोरच्या कपाटाच्या वर नेम धरला.

खिडकी उघडली. धाकटीने वळून भिंतीकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग सवयीने खिडकीच्या कडीला हात लावला आणि तो तसाच ठेवला.

रोज या वेळी थोरली बटण सोडून देई. आज अंगठा दुखू लागला, हात कापू लागला, तसा समोर ठिपकाही कापू लागला. खिडकी मिटली नाही. दोन्ही खोल्यांत अंधार भरत गेला. दिवा लावायला कुणीच हललं नाही.